इंजिन बदललेल्या जिप्सी-जीपला कुठला ॲक्सल घ्यायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, खारघर, पनवेल इकडून जे मेसेज येतात त्यातले बरेचसे एकाच धाटणीचे असतात, म्हणजे जुनी जिप्सी किंवा महिंद्राची जीप घेतली, इंजिन दुसरं टाकलं (किंवा टाकायचंय), आता ॲक्सल टिकेल का. प्रत्येकाला तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाच सगळं इथे लिहितोय. प्रश्नांना नंबर दिलेत, उत्तरात दुसऱ्या नंबरचा उल्लेख आला तर तिकडे जाऊन बघा.

१. गॅरेजवाला नुसतं "दांडा बदलून टाकू" म्हणतो. ॲक्सल बदलणं म्हणजे नक्की काय काय बदलणं?

दांडा म्हणजे शाफ्ट, तो फक्त एक भाग झाला. बाहेरची नळी आणि मधला भोपळा म्हणजे हौसिंग. आत क्राउन-पिनियन (जोर चाकांकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी), त्याला धरणारा कॅरियर आणि स्पायडर गिअर, हे सगळं मिळून डिफरन्शियल, थोडक्यात डिफ, मग डावा-उजवा शाफ्ट, टोकाला हब, बेअरिंग, ब्रेक. पुढच्या ॲक्सलला याशिवाय वळणारे जॉइंट. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कारणाने जाते. हौसिंग वाकतं ते वजनाने आणि उड्यांनी, शाफ्ट पिळला जातो टॉर्कने (फिरवायच्या जोराने), क्राउन-पिनियनचे दात उडतात ते बहुतेक झटक्याने किंवा चुकीच्या सेटिंगने. त्यामुळे आधी तुमचं काय तुटतंय ते सांगा, मग काय बदलायचं ते ठरेल.

२. इंजिनचा टॉर्क जवळपास दुप्पट झाला, म्हणजे ॲक्सलपण दुप्पट ताकदीचा लागणार ना?

नाही, आणि सगळ्यात जास्त पैसे याच गैरसमजात जातात, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

जिप्सीचं १.३ लिटरचं १६ व्हॉल्व्ह इंजिन १०३ न्यूटन-मीटरचं. पहिला गिअर ३.६, लो रेंज (फोर-व्हीलचा हळू पण जास्त जोराचा गिअर) २.२, डिफरन्शियल ३.९ असं ढोबळ धरलं तर चाकांपर्यंत पोचेपर्यंत त्याचे साधारण ३,२०० न्यूटन-मीटर होतात. आता त्याच जागी मारुतीचं १.३ डिझेल, १९० न्यूटन-मीटरचं टाका, त्याच गिअरिंगवर आकडा जातो ५,९०० च्या आसपास. हे बघून माणूस घाबरतो आणि मोठा ॲक्सल शोधायला निघतो.

पण चाक जमिनीला किती धरू शकतं हा हिशोब कोणी करतच नाही. माणसं-सामान धरून गाडी १,३०० किलो, पकड चांगली म्हणजे ०.८ धरू, टायरची त्रिज्या ०.३६ मीटर. हे सगळं आणि गुरुत्वाचे ९.८ असा गुणाकार केला की चारही चाकं मिळून सुमारे ३,७०० न्यूटन-मीटर येतात. याच्या वर इंजिनने कितीही जोर लावला तरी चाक जागच्या जागी फिरणार, ॲक्सलला जास्तीचा टॉर्क पोचणारच नाही. म्हणजे मूळ पेट्रोल इंजिनसुद्धा लो रेंजला या मर्यादेच्या जवळ होतंच की.

आता इंजिन तेच ठेवा, फक्त ३३ इंची टायर टाका (त्रिज्या ०.४० धरू), वर विंच, जाड लोखंडी बंपर, रोल केज करून गाडी १,६०० किलोची करा. मर्यादा गेली ५,००० वर! म्हणजे इंजिनला हात न लावता ॲक्सलवरचा भार तिसऱ्या हिश्श्याहून जास्त वाढला. म्हणून आमच्याकडे पहिला प्रश्न टायर कुठला, दुसरा गाडीचं वजन किती, तिसरा लॉकर (दोन्ही बाजूंची चाकं एकत्र जखडणारा डिफ) आहे का, आणि इंजिन त्यानंतर.

दोन अपवाद लक्षात ठेवा. एक, चाक दगडाच्या पायरीला अडकलं की पकडीचा हा हिशोब मोडतो, तिथे ०.८ वगैरे काही राहत नाही. दोन, हवेत गरगर फिरणारं चाक एकदम जमिनीला लागलं की जो झटका बसतो तो कुठल्याच हिशोबात मावत नाही, आणि टॉर्कवालं इंजिन असलं की तो झटका मोठा बसतो. इंजिन ॲक्सल तोडतं ते असं, चालवणाऱ्याच्या पायाच्या मार्फत.

३. मग जिप्सीचे मूळ ॲक्सल कुठपर्यंत पुरतील?

माझं मत सांगतो. २८-२९ इंची टायर, लॉकर नाही, सुझुकीचंच १.३ किंवा १.६ पेट्रोल टाकलंय, तर ॲक्सल बदलू नका, फक्त उघडून बेअरिंग, सील, ऑइल नवीन करा. ३१ इंची टायर असेल तर पाय सांभाळून चालतं. डिझेल टाकलं आणि टायर लहानच ठेवले तरी चालतं, फक्त पाट्यांकडे म्हणजे लीफ स्प्रिंगकडे लक्ष द्या (प्रश्न १२). ३३ इंची टायर, मागे लॉकर आणि वर जड डिझेल इंजिन, हे तिन्ही एकत्र असेल तर मात्र मूळ शाफ्टवर विसंबू नका.

४. सेमी-फ्लोटिंग की फुल-फ्लोटिंग हे न उघडता कसं कळेल?

चाकाच्या मधोमध बघा. हबवर बाहेरून गोल फ्लँज बसवलाय आणि त्याला गोलाकारात बोल्ट आहेत, ते सोडले की शाफ्ट बाहेर खेचता येतो आणि चाक तरीही गाडीवरच राहतं, तर तो फुल-फ्लोटिंग. तिथे गाडीचं वजन हौसिंगच्या टोकावर असतं, शाफ्टचं काम फक्त फिरवणं. सेमी-फ्लोटिंगमध्ये तोच शाफ्ट फिरवतो पण आणि वजनही घेतो, त्यामुळे हबजवळ तुटला तर चाक निघून जाऊ शकतं. जिप्सीचा मागचा सेमी-फ्लोटिंग आहे. जड गाडी करणार असाल तर फुल-फ्लोटिंग मिळतोय का ते नक्की बघा.

५. रेशो (चाकांच्या एका फेऱ्याला प्रोपेलर शाफ्टचे, म्हणजे गिअरकडून ॲक्सलकडे येणाऱ्या लांब दांड्याचे, किती फेरे) कसा ओळखायचा? टॅग कधीच गंजून गेलाय.

उघडलेला असेल तर दात मोजा, क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात. ४३ आणि ११ म्हणजे ३.९, ४१ आणि ११ म्हणजे ३.७३, ४३ आणि ८ म्हणजे ५.३८.

बंद असेल तर गाडी न्यूट्रलला, एक मागचं चाक जॅकवर, दुसरं जमिनीवर आणि त्याला पुढून-मागून ओंडके. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्ट किती फेरे फिरला ते खडूची खूण करून मोजा, तोच रेशो. दोन फेरे अशासाठी की एक चाक अडलेलं असताना क्राउन निम्म्याच वेगाने फिरतो. लॉकर किंवा वेल्ड केलेला डिफ असेल तर ही युक्ती चालत नाही, तिथे दोन्ही चाकं उचला आणि एकच फेरा मोजा.

६. डिझेल टाकलंय, रेशो कुठला घेऊ? सगळे म्हणतात जास्त नंबर म्हणजे जास्त ताकद.

ट्रेलवर म्हणजे कच्च्या ऑफ-रोड वाटेवर खरंय, पण तुम्ही राहता घोडबंदर रोडला किंवा सीवूड्सला, ट्रेलपर्यंत गाडी चालवतच नेणार ना? २३५/७५ आर१५ टायर आणि टॉप गिअर थेट असेल तर ताशी ८० ला ३.९ वर इंजिन सुमारे २,२५० आरपीएमला फिरतं, ५.३८ वर ३,१०० ला. जुन्या संथ डिझेलला ३,१०० वर दोन तास ठेवलं तर इंजिनही ओरडणार आणि तुम्हीही. डिझेलला खालचा टॉर्क आधीच आहे, त्याला ३.७ ते ४.१ मधलं काहीतरी बरं पडतं, लो रेंजचं काम ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणारा गिअरबॉक्स) करू द्या.

शिवाय एकाच आकाराच्या हौसिंगमध्ये रेशोचा आकडा जितका मोठा तितका पिनियन लहान आणि दात कमी, म्हणजे कमजोर. टायर खूप मोठे केले असतील तरच वरच्या आकड्याकडे जा.

७. मागे ४.१ मिळाला, पुढे ३.९ आहे. एवढ्याशा फरकाने काय होतंय?

पाच टक्के फरक आहे. फोर-व्हील टाकली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत राहणार, चिखलात टायर घसरून ते निभावतं, पण डांबरावर किंवा कोरड्या कातळावर तो ताण ट्रान्सफर केसवर, प्रोपेलर शाफ्टवर जातो आणि लिव्हर अडकून बसतो. दोन्हीकडे एकच रेशो हवा, विषय संपला. फक्त टू-व्हीलवर चालवणार असाल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट काढूनच ठेवणार असाल तर गोष्ट वेगळी, पण मग ही गाडी कशाला केली?

८. कुठल्या गाडीचा ॲक्सल आपल्या गाडीला बसतो?

थेट बोल्ट-टू-बोल्ट असं फार कमी बसतं. आधी चार गोष्टी मोजा: भोपळा कुठल्या बाजूला आहे (ट्रान्सफर केसचं आउटपुट त्याच बाजूला हवं), एका चाकापासून दुसऱ्यापर्यंतची रुंदी, पाट्यांच्या बैठकीतलं अंतर आणि चाकाचे नट. जिप्सी आणि जुनी महिंद्रा जीप दोघांनाही पाच नट आणि १३९.७ मिमीचं वर्तुळ, त्यामुळे रिम निदान नटांना तरी जुळतात, मधलं भोक आणि ऑफसेट मात्र लावून बघा.

अगदी जुनी अरुंद जिप्सी असेल तर १९९३ नंतरच्या रुंद जिप्सीचे ॲक्सल हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग. ताकदीत फार फरक नाही पण रुंदी ९० मिमीच्या आसपास वाढते आणि आडव्या उतारावर गाडी उलटायची भीती कमी होते. जुन्या महिंद्रा जीपचे पुढचे-मागचे सॉलिड ॲक्सल जोडीने मिळाले तर बजेटमध्ये उत्तम, सुटे भाग कुठेही मिळतात. बोलेरोचा मागचा लोक नेहमी विचारतात, मागे तो काम देईल, पण बोलेरोला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, थार सीआरडीईलाही तसंच, त्यामुळे पुढच्या सॉलिड ॲक्सलसाठी तिकडे जाऊन उपयोग नाही. २०२१ च्या आधीच्या फोर्स गुरख्याला दोन्हीकडे सॉलिड, पण त्यातले कॉइल स्प्रिंगवाले मिळाले तर पाट्यांच्या गाडीला बरंच वेल्डिंग आलं.

जोंगाचे (लष्कराची जुनी मोठी जीप) ॲक्सल लष्कराच्या लिलावातून फिरत फिरत येतात आणि मजबुतीत त्यांना तोड नाही, पण जिप्सीसारख्या हलक्या गाडीखाली ते वजन घालून मिळवलं काय? भोपळा मोठा म्हणजे खाली तोच आधी दगडाला लागणार.

९. भंगारातून ॲक्सल घेताना काय बघू? कुर्ल्याला जायचा विचार आहे.

जा, पण सकाळी जा, हातात टॉर्च, कापड आणि व्हर्नियर कॅलिपर घेऊन. भाव मी इथे लिहीत नाही, तो गिऱ्हाइकाचं तोंड बघून ठरतो.

शाफ्ट बाहेर काढायला लावा. स्प्लाइनच्या (शाफ्टच्या टोकावरच्या लांबट खाचांच्या) रेषा सरळ हव्यात, जरा जरी पिळल्यासारख्या तिरक्या दिसल्या तर तो शाफ्ट मेलेला आहे, कितीही स्वस्त दिला तरी सोडा. बेअरिंग बसतं ती जागा नखाने तपासा, खाच लागली तर सील टिकणार नाही. क्राउनचे दात टॉर्च मारून एकेक बघा, खड्डे किंवा निळसर जळल्याची छटा नको. क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे, ते जोडीने घासून बसवलेले असतात, एकाचा क्राउन दुसऱ्याचा पिनियन असं केलं की थोड्याच दिवसांत आवाज काढणार. हौसिंगच्या नळीवर वेल्डिंगचे डाग असतील तर कशासाठी केलं ते विचारा, आणि तो काय सांगतो त्यावर विश्वास न ठेवता दोरी लावून नळी सरळ आहे का बघा. खाडीकिनारच्या गाड्यांचं हौसिंग खालून गंजून पातळ झालेलं असतं, हातोडीने टोकून बघा.

घरी आणल्यावर शाफ्टची डाय-पेनिट्रंट तपासणी करून घ्या, लाल रंग मारून पांढरी पावडर फवारतात ती. स्प्रे बाजारात मिळतो, स्वतःही करता येते, न दिसणारी चीर लाल रेघेसारखी वर येते.

१०. वागळे इस्टेट किंवा रबाळेच्या एमआयडीसीत शाफ्ट बनवून घेतला तर?

चांगला पर्याय आहे, पण नुसता लेथवाला पुरत नाही. मटेरियल ईएन २४ मागा, ईएन १९ सुद्धा चालेल, पण ईएन ८ गळ्यात मारत असतील तर नको. खरी गोष्ट आहे हीट ट्रीटमेंट, हार्डनिंग करून टेम्परिंग केलंच पाहिजे, नाहीतर महागडं स्टील काचेसारखं तडकतं. कडकपणाचा रिपोर्ट हातात घ्या.

जाडीचा फायदा घनाच्या हिशोबाने वाढतो. २६ मिमीचा शाफ्ट ३० मिमीचा केला तर पीळ सहन करायची ताकद दीडपट होते. पण अख्खा शाफ्ट जाड आणि स्प्लाइन मात्र जुन्याच मापाची असं केलं तर काही उपयोग नाही, कारण तुटणार तो स्प्लाइन सुरू होते तिथेच. उलट मधला भाग स्प्लाइनच्या तळापेक्षा किंचित बारीक ठेवतात, म्हणजे पीळ सगळ्या लांबीवर वाटला जातो. जाडी बदलते तिथे काटकोनी पायरी नको, गोलाई ठेवायला सांगा, चीर तिथूनच सुरू होते.

तुटलेला शाफ्ट वेल्ड करून देतो म्हणणारे भेटतील, त्यांना नमस्कार करून पुढे जा.

११. लॉकर टाकू की स्वस्तात डिफ वेल्ड करू?

ओपन डिफमध्ये दोन्ही शाफ्टना टॉर्क सारखाच वाटला जातो आणि कमी पकडीचं चाक फिरून सुटका करून घेतं, म्हणजे ओपन डिफ ॲक्सलला वाचवतो सुद्धा. लॉक केला की सगळा टॉर्क एकाच शाफ्टवर जाऊ शकतो. म्हणून लॉकर टाकायचा तर शाफ्टचं बजेट त्याच यादीत धरा, नंतर बघू असं नको.

वेल्ड केलेला डिफ फक्त ट्रेलरवरून नेणाऱ्या गाडीला ठीक. पावसाळ्यात ओल्या फ्लायओव्हरवर वळताना आतलं चाक घसटत जातं आणि मागची बाजू कधी सुटेल सांगता येत नाही. रोज चालवायची गाडी असेल तर मी तरी करू देणार नाही. २०१५ नंतरच्या थार सीआरडीईत मागे ईटनचा आपोआप लॉक होणारा डिफ आला, तो अख्ख्या ॲक्सलसकट मिळाला तर विचार करण्यासारखा आहे, रेशो आणि रुंदी मात्र तपासा.

१२. इंजिन बदलल्यापासून क्लच सोडला की मागून धडधड उड्या मारते. ॲक्सल गेला का?

बहुतेक नाही. टॉर्क वाढला की पाटे एस आकारात पिळले जातात, भोपळ्याचं तोंड वर होतं, पकड सुटते आणि पाटे परत सरळ होतात, तीच धडधड. पाट्यांना मागे-पुढे क्लॅम्प, थकलेले बुश नवीन, यू-बोल्ट घट्ट, तरी थांबलं नाही तर ट्रॅक्शन बार. हे न करता चालवत राहिलात तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) जातात आणि मग पिनियन.

१३. पुढचा जॉइंट सारखा तुटतो. मागचा मात्र ठणठणीत.

पुढे टॉर्क वळणाऱ्या जॉइंटमधून जातो आणि स्टिअरिंग जितकं जास्त वळलेलं तितका तो कमजोर. सवय लावा, पूर्ण लॉक स्टिअरिंगवर ॲक्सिलरेटर द्यायचा नाही. आणि चढावर अडकलात म्हणून रिव्हर्स घेऊन मागे चढायचा प्रयत्न करता तेव्हा वजन सगळं पुढच्या ॲक्सलवर येतं, जॉइंट बहुतेक तेव्हाच जातो. जड डिझेल इंजिनने पुढचं वजन आणखी वाढलेलं असतं. ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन आधी फक्त पुढची चाकं, मग फक्त मागची असं वजन करून घ्या, बऱ्याच जणांना आकडा बघून धक्का बसतो.

१४. पाण्यातून गेल्यावर डिफचं ऑइल दुधाळ झालंय.

पाणी शिरलंय, लगेच बदला, ८०डब्ल्यू-९० जीएल-५. गरम डिफ थंड पाण्यात गेला की आत पोकळी होते आणि तो सीलमधून पाणी ओढतो. ब्रीदरला (हौसिंगचं हवा जायचं भोक) नळी जोडून वर बॉनेटपर्यंत न्या, काही रुपयांचं काम आहे.

१५. आरटीओचं काय? ॲक्सल बदलल्याचं कोणाला कळतंय.

ॲक्सलचं राहू द्या, इंजिन नंबर आरसीवर असतो ना. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळी होईल असा बदल करायचा नाही, आणि सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठणकावून सांगितलंय. कलम १८२ए प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. जुनी गाडी पंधरा वर्षांनी पुन्हा पासिंगला न्यावीच लागते, मग ती एमएच ०४ असो, ४३ असो की ४६, तिथे नंबर जुळला नाही तर सगळं अडकतं. त्यामुळे इंजिन घ्यायच्या आधी आपापल्या आरटीओत जाऊन काय मंजूर होतं ते विचारा. अपघातात विमा कंपनीही हेच आधी बघते.

आणि येऊरला किंवा कर्नाळ्याला जंगलात गाडी घालू नका, एक राष्ट्रीय उद्यान आहे, दुसरं अभयारण्य.

१६. बजेट फारच कमी आहे. आधी कशावर खर्च करू?

ब्रेक! इंजिन वाढवलं, टायर वाढवले आणि ड्रम तेच जुने, अशा गाड्या दर रविवारी दिसतात. त्यानंतर बेअरिंग-सील-ऑइल, ब्रीदर, मग पाटे आणि यू-बोल्ट, मग मागचे शाफ्ट. अख्खा ॲक्सल सगळ्यात शेवटी, आणि तोही टायर ठरल्यावर (प्रश्न २). आणखी एक, साखळीत काहीतरी स्वस्त आणि पटकन बदलता येणारं कमजोर ठेवा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. सगळं फौलादी केलं की मग ट्रान्सफर केस फुटतो. दोन क्रॉस आणि एक मागचा शाफ्ट गाडीत असू द्या.

१७. ट्रेलवर मागचा शाफ्ट तुटला. पुढच्या ॲक्सलवर घरी येता येईल का?

कुठे तुटला त्यावर आहे. ओपन डिफ असेल तर टू-व्हीलवर गाडी हलणारच नाही, सगळा जोर तुटलेल्या बाजूने निघून जातो. फुल-फ्लोटिंग असेल तर तुटलेले दोन्ही तुकडे काढा, हबचं तोंड कापड-प्लास्टिकने बंद करा, मागचा प्रोपेलर शाफ्ट सोडा आणि फोर-व्हील हाय टाकून हळू या.

सेमी-फ्लोटिंगमध्ये आत स्प्लाइनजवळ तुटला असेल आणि बाहेरचं बेअरिंग चाकाला नीट धरून असेल तरच, तेही आतला तुकडा काढून, प्रोपेलर शाफ्ट सोडून आणि अगदी सावकाश, जवळच्या पक्क्या रस्त्यापर्यंत. हबजवळ तुटला असेल तर एक फूटही चालवू नका, चाक बाहेर येईल, टो मागवा. काही गाड्यांत प्रोपेलर शाफ्टचा योक थेट ट्रान्सफर केसमध्ये सरकतो, तिथे तो काढला की ऑइल भडाभडा बाहेर येतं, अशा गाडीत शाफ्ट फक्त डिफच्या बाजूने सोडून वर चेसिसला तारेने पक्का बांधला तरी तो फिरणारच, म्हणून तिथेही टो मागवणं हाच मार्ग.